कललेल्या घरातलं कपाट

मित्रांनो, सेमिस्टर संपून कॉलेज पुन्हा सुरू झालं की "सुट्टीत काय केलंस?" हा प्रश्न व्हायव्हातल्या प्रश्नांपेक्षाही हमखास विचारला जातो. कुणी कंपनीत ट्रेनिंग केलेलं असतं, कुणी एखादं सॉफ्टवेअर शिकलेलं असतं, कुणी अगदी प्रामाणिकपणे के.टी.चा अभ्यास केलेला असतो. यंदा मी सांगितलं, "मी एक कपाट केलं." सगळे हसले. "मेकॅनिकलला येऊन सुतारकाम?" अशी कॉमेंटही आली. त्या दिवशी मी गप्प बसले. पण त्या कपाटाने मला जेवढं मेकॅनिक्स शिकवलं तेवढं पहिल्या वर्षाच्या पेपरनेसुद्धा शिकवलं नव्हतं. आणि त्याच कपाटापायी एक दिवस आमच्या पायाखाली समुद्र आला होता. म्हणून हा लेखनप्रपंच!

झालं असं की माझी आत्या गोव्यात राहते. काकांना (म्हणजे आत्याच्या यजमानांना) शिडाच्या बोटीचं वेड. त्यांच्याकडे फायबरग्लासची २६ फुटी जुनी बोट आहे. पणजीजवळ मांडवी नदीत ती एका बोयाला बांधलेली असते. डिसेंबरच्या सुट्टीत मी तिथे गेले, तेव्हा काका म्हणाले, "इंजिनिअर होतेयस ना? मग आमच्या गॅलीचं काहीतरी कर बघू."

गॅली म्हणजे बोटीतलं स्वयंपाकघर. मी खाली उतरून बघितलं आणि हसूच आलं. सगळा संसार प्लॅस्टिकच्या दोन क्रेट्समध्ये, आणि क्रेट्स दोरीने बांधलेले! पांढऱ्या तळावर मोठा पिवळा डाग होता. आत्या म्हणाली, "मागच्या वर्षी मिसळणाचा डबा उडाला गं. हळद काही निघाली नाही."

तयार कपाट का चालत नाही?

माझा पहिला विचार अगदी सरळ होता. बाजारातून छोटं कपाट आणायचं आणि बसवायचं! पण बोटीची भिंत घरच्या भिंतीसारखी सरळ नसते. ती वरून खाली येताना आत वळत जाते. आमच्या गॅलीत सिंकच्या शेजारी ९० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर उंच जागा मोकळी होती. तिची खोली मात्र वर ४५ सेंटिमीटर आणि खाली जेमतेम १५. इथे चौकोनी खोका बसवायचा तर तो १५ सेंटिमीटरच खोल करावा लागणार. म्हणजे आत जागा किती? सुमारे ८१ लिटर. बोटीच्या वळणाला धरून कपाट बांधलं तर सरासरी खोली ३० सेंटिमीटर धरता येते (भिंत सरळ तिरकी आहे असं मानून), आणि तेवढ्याच जागेत १६२ लिटर मिळतात. बरोब्बर दुप्पट! २६ फुटी बोटीत ८१ लिटर म्हणजे आठवड्याचा किराणा. त्यामुळे कपाट तिथल्या तिथे, त्या बोटीपुरतं बांधायला लागतं.

दुसरी गोष्ट आत्याने शिकवली. ती म्हणाली, "आधी भांडी मोज, मग कप्पे आख." आम्ही सगळी भांडी जमिनीवर मांडली. एकात एक बसणारी पातेली, तवा, पोळपाट-लाटणं, डबे, बाटल्या आणि तीन लिटरचा कुकर. बोटीवर कुकर म्हणजे राजा! त्याचं झाकण घट्ट बसतं, त्यामुळे बोट हलली तरी आतलं उकळतं वरण अंगावर येत नाही. प्रत्येक वस्तूची उंची आणि रुंदी वहीत लिहिली. ज्या वस्तूला तिच्या मापाचा कप्पा नाही ती वस्तू समुद्रावर कधी ना कधी खाली पडणार, हे पक्कं धरायचं.

जमीन कलते तेव्हा

शिडाची बोट वाऱ्यावर चालताना सरळ उभी नसते, ती एका बाजूला कलून चालते. १५ ते २० अंश म्हणजे नेहमीचंच. जोराचा झोत आला की २५-३० अंशसुद्धा होतात. आता हे डोळ्यासमोर आणा: तुमच्या घरचा ओटा ३० अंशांत कलला आहे आणि त्यावर चहाचं भांडं आहे!

फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी तो प्रयोग केला आहे. फळीवर ठोकळा ठेवायचा, फळी हळूहळू उचलायची आणि ठोकळा कुठल्या अंशाला घसरतो ते बघायचं. त्या कोनाचा टॅन म्हणजे घर्षणांक. तेव्हा मी जर्नलमध्ये आकडे मैत्रिणीचे बघून उतरवले होते (सर वाचत नसतील अशी आशा आहे!). यावेळी मी तो प्रयोग मनापासून केला. सनमायका लावलेल्या फळीवर स्टीलचा डबा ठेवला, तर १६ अंशांना तो घसरला. म्हणजे घर्षणांक साधारण ०.२९. याचा अर्थ बोट अगदी नेहमीसारखी चालत असतानाच डबा निघणार. त्याच फळीवर रबराची जाळीदार चटई घातली, तर डबा ३५ अंशांपर्यंत हलला नाही. शंभरेक रुपयांच्या चटईने एवढा फरक!

पण घसरणं हा एकच धोका नाही. काही वस्तू घसरायच्या आधी आडव्या होतात. तेलाची बाटली घ्या. व्यास ७ सेंटिमीटर, उंची २२. तिचा गुरुत्वमध्य साधारण ११ सेंटिमीटरवर आला. ३.५ भागिले ११ म्हणजे ०.३२, आणि तेवढा टॅन येतो १८ अंशांच्या आसपास. तेवढं कललं की बाटली कोलमडणार. उलट १२ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच भरलेला डबा ५० अंशांपर्यंत पडणार नाही.

यावरून फळीच्या काठाला लावायच्या पट्टीची उंची ठरते. बोटीवर प्रत्येक फळीला आणि ओट्याला अशी उभी पट्टी असते, तिला इंग्रजीत फिडल म्हणतात. बुटक्या डब्यांसाठी ४-५ सेंटिमीटर पट्टी पुरते. बाटल्यांसाठी ती गुरुत्वमध्याच्या वर जायला हवी, नाहीतर बाटली पट्टीवरून कोलांटी मारते. म्हणून आम्ही बाटल्यांचा कप्पा वेगळा केला आणि त्याची पट्टी १४ सेंटिमीटर ठेवली. पट्टीच्या कोपऱ्यात मात्र बोटभर फट सोडायची. नाहीतर सांडलेलं तेल आणि पिठाचा चुरा तिथे साचतो आणि फडकं पोचत नाही.

दारांचंही तसंच. आमची गॅली बोटीच्या डाव्या बाजूला आहे. बोट डावीकडे कलली की सगळं सामान भिंतीकडे जाऊन शांत बसतं. पण बोटीने वाऱ्याची बाजू बदलली आणि ती उजवीकडे कलली, की तेच सामान दारावर येऊन रेलतं. घरच्या कपाटाला असतो तसा चुंबकाचा कॅच इथे चालत नाही, दोन किलोचा कुकर त्याला सहज ढकलून बाहेर येतो. म्हणून दाराला बोट जाईल एवढं गोल भोक पाडायचं आणि आतून खटका बसवायचा. भोकातून बोट घालून खटका दाबला तरच दार उघडतं. शिवाय त्या भोकातून हवा खेळते, त्यामुळे आत बुरशीचा वास धरत नाही.

ड्रॉवरची युक्ती मला सगळ्यात आवडली. ड्रॉवरच्या खालच्या कडेला पुढून एक खाच ठेवतात. ड्रॉवर बंद झाला की ती खाच चौकटीवर खाली बसते. उघडताना आधी ड्रॉवर थोडा वर उचलायचा आणि मग ओढायचा. स्प्रिंग नाही, खटका नाही, गंजणारं काहीच नाही. फक्त गुरुत्वाकर्षण!

जड सामान खाली, हलकं वर, हे तर आलंच. खालच्या कप्प्यात आम्ही तांदूळ, डाळी आणि हवाबंद टिन ठेवले. टिनांचे कागद आधीच काढून टाकले आणि झाकणांवर मार्करने नावं लिहिली. कारण पाणी लागलं की कागद सुटतो, तळाशी जातो आणि पाणी उपसायच्या पंपात अडकतो.

गॅसचा सिलिंडरही सिंकखाली, घरच्यासारखा ठेवावा असं मी सुचवलं होतं. काका एकदम गंभीर झाले. एल.पी.जी. हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. घरात गळला तर तो दाराखालून निघून तरी जातो, पण बोट म्हणजे एक बंद वाटीच. गॅस तळाशी साचून राहतो, आणि हवेत दोनच टक्के असला तरी एका ठिणगीने पेट घेऊ शकतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा केबिनच्या बाहेर असतो आणि त्याच्या तळाला थेट बोटीबाहेर उघडणारं भोक असतं.

लाकूड, गोंद आणि वळण

प्लायवूड घेताना 'वॉटरप्रूफ' एवढ्या शब्दावर भुलू नका. त्यावर आय.एस. ७१० हा शिक्का बघा, तो मरीन प्लायचा. त्याचे थर फिनॉलिक रेझिनने चिकटवलेले असतात आणि त्याचा तुकडा ७२ तास उकळून तपासतात. तरीही कापलेल्या कडेतून पाणी शिरतंच. आमच्या मदतीला एक म्हातारे मेस्त्री येत होते. त्यांनी प्रत्येक कडेला आणि स्क्रूच्या प्रत्येक भोकाला आतून इपॉक्सी पाजायला लावलं. "गो बाय, लाकडाचं तोंड बंद कर, नाहीतर ते पाणी पितं," असं ते म्हणायचे. बिजागऱ्या आणि स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घेतले. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून खाऱ्या हवेत ते ३०४ पेक्षा जास्त टिकतं.

आता प्रश्न आला तो वळणाचा. कपाटाची बाजूची फळी बोटीच्या वाकड्या भिंतीला तंतोतंत बसायला हवी. ते माप टेपने घेता येत नाही. मेस्त्रींनी पुठ्ठ्याचा तुकडा भिंतीजवळ उभा धरला, कंपासमध्ये ५ सेंटिमीटर अंतर पक्कं केलं, आणि कंपासचं टोक भिंतीवरून फिरवत पेन्सिल पुठ्ठ्यावर चालवली. भिंतीचं वळण जसंच्या तसं पुठ्ठ्यावर उतरलं! फक्त कंपास फिरवताना तो तिरका होऊ द्यायचा नाही, अंतर सतत आडवंच राहायला हवं. पुठ्ठा कापून बघितला, दोनदा दुरुस्त केला आणि मगच प्लायला करवत लावली.

फळी भिंतीला नुसती टेकवायची नाही. लाटांमुळे बोटीची भिंत किंचित वाकते, आणि कठीण कड एकाच रेषेत टोचत राहिली तर तिथे तडा जाऊ शकतो. म्हणून मध्ये फोमची पातळ पट्टी ठेवतात, कोपऱ्यात घट्ट इपॉक्सीची गोलाई भरतात आणि त्यावर काचकापडाच्या पट्ट्या चढवतात. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण लाकडाला ते इपॉक्सीइतकं धरत नाही. एक अनुभवाचा सल्ला: कालवलेलं इपॉक्सी डब्यात तसंच ठेवू नका. स्वतःच्याच उष्णतेने ते तापतं आणि दगड होतं. मी पहिला डबा असाच घालवला. पसरट ताटात ओतलं की जास्त वेळ मिळतो.

आणि मग…

तीन आठवड्यांत कपाट तयार झालं. व्हॉर्निश लावलेलं, प्रत्येक डबा आपापल्या घरात. सगळ्यात खाली सिंकच्या पाइपचं बेंगरूळ जंजाळ दिसत होतं. मी त्याच्यावर एक सुंदर पॅनल बसवलं. बारा स्क्रू आणि कडेने सिलिकॉन. एकदम फिनिश!

एका दुपारी आम्ही तिघं बाहेर पडलो. आग्वादच्या टोकापाशी लाटा सुरू झाल्या, वायव्येचा वारा वाढला आणि बोट चांगली २५ अंश कलली. मी खाली जाऊन बघितलं. एक डबा हलला नव्हता! आत्याने चहा केला. माझी छाती अभिमानाने फुगली होती.

थोड्या वेळाने कप ठेवायला खाली उतरले तर पाय ओले झाले. वाटलं, पिण्याच्या पाण्याची टाकी गळली. मी ओरडून सांगितलं. वरून काका म्हणाले, "चव बघ!" मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

"सिंकचा कॉक बंद कर!"

इथे थोडं समजावून सांगते. सिंकचं सांडपाणी एका पाइपने थेट बोटीबाहेर जातं. ते भोक पाण्याच्या पातळीखाली असतं आणि त्यावर एक कॉक बसवलेला असतो. पाइप सुटला तर तो कॉक बंद करणं एवढाच इलाज. आणि तो कॉक माझ्या सुंदर पॅनलच्या मागे होता. बारा स्क्रूंच्या मागे.

स्क्रूड्रायव्हर शोधायला मी ड्रॉवर उघडला, पण हात इतके कापत होते की खाच उचलायचीच विसरले. काकांनी सुकाणू आत्याच्या हातात दिलं, खाली आले, शीड ओढायच्या विंचचा लोखंडी दांडा घेतला आणि दोन घावांत पॅनल फोडलं. हात आत घालून कॉक फिरवला. पाणी थांबलं. मग पाऊण तास आम्ही आळीपाळीने हातपंप मारत होतो. कुणी काही बोललं नाही.

नंतर बघितलं तर पाइप पूर्ण सुटला नव्हता, अर्धाच निसटला होता. माझ्या पॅनलला जागा करताना मी तो पाइप जरा जास्तच वाकवला होता. बोट कलल्यावर फळीवरचं वजन पॅनलवर आलं, पॅनल पाइपवर दाबलं गेलं, आणि पाइपवरची एकुलती एक जुनी गंजकी क्लिप सरकली.

त्या रात्री झोप येईना म्हणून गणित मांडलं. दीड इंची भोक. बोट कलल्यावर ते पाण्याखाली ३० सेंटिमीटर गेलं असं धरा. पाण्याचा वेग म्हणजे दोन गुणिले जी गुणिले खोली, याचं वर्गमूळ. ते येतं सेकंदाला सुमारे २.४ मीटर. भोकाचं क्षेत्रफळ आणि ०.६ हा डिस्चार्ज कोइफिशंट घेतला तर मिनिटाला साधारण १०० लिटर! म्हणजे पाइप पूर्ण सुटला असता तर दोनच मिनिटांत २०० लिटरचं एक पिंप आत आलं असतं. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात मी हेच गणित सोडवून मार्क मिळवले होते. पण पॅनलचे बारा स्क्रू पिळताना ते एकदाही आठवलं नाही.

मला वाटलं होतं काका चिडतील. ते एवढंच म्हणाले, "कॉक तिथे आहे हे मला माहीत होतं गं. मीच बघायला हवं होतं." त्याने जास्त वाईट वाटलं.

दुसरं कपाट

उरलेल्या चार दिवसांत आम्ही खालचा भाग पुन्हा केला. पाइपला त्याची जागा सोडून एक फळी वर सरकवली, त्यात वीस-बावीस लिटर जागा गेली. नवीन पॅनलला एकही स्क्रू नाही. लाकडाच्या दोन फिरक्या आणि बोट घालायला एक भोक. पाइपला ३१६ च्या दोन-दोन क्लिपा लावल्या. कॉकची मूठ लाल रंगवली, आणि शेजारी सुतळीने लाकडाची एक निमुळती गुडदी बांधली. कॉकच तुटला तर ती भोकात ठोकायची. मग काकांनी दिवा घालवला आणि घड्याळ लावलं. अंधारात पॅनल काढून कॉक बंद करायला मला नऊ सेकंद लागले. आत्याला सात!

मांडवीतल्याच दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात नौदलाची म्हादेई ही ५६ फुटी शिडाची बोट बांधली गेली. तीच घेऊन दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी ती कुठेही न थांबता केली, सुमारे पाच महिन्यांत. तिथेच बांधलेल्या तारिणीतून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जगाला फेरी मारून आल्या, आणि २०२४-२५ मध्ये दोघीच. हे सगळं आधी वाचलं होतं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर फक्त शिडं आणि लाटा यायच्या. आता वाटतं, पाच महिने न थांबायचं म्हणजे पहिल्याच दिवशी शेवटच्या दिवसाचं जेवण बोटीवर चढवायचं. ते कुणीतरी मोजलं असेल, कप्प्यांत बसवलं असेल. आणि त्या कप्प्यांच्या मागे काय आहे, हेही लक्षात ठेवलं असेल.

तेव्हा मित्रांनो, कुठल्याही यंत्रावर, पाइपवर किंवा वायरिंगवर छान कव्हर बसवाल तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारा: अंधारात, घाबरलेल्या माणसाला हे किती सेकंदांत उघडता येईल? उत्तर माहीत नसेल तर घड्याळ लावून बघा. आम्ही बघितलं.

आणि हो, फोडलेल्या पॅनलचा एक तुकडा मी हॉस्टेलवर आणला आहे. त्यात अजून तीन स्क्रू आहेत. हसणाऱ्यांनी येऊन बघून जावं!